पॅकेजमधली ग्रॅच्युइटी : कागदावरचा आकडा आणि आपला हक्क

दिवसभराची कामं आवरत आली असतील, कुणाचं कालवण चुलीवर असेल, तरी थोडा वेळ रेडिओजवळ बसा. आज आपल्याला पगाराच्या कागदाबद्दल बोलायचं आहे.

समजा, आपल्या गटातल्या एका ताईच्या मुलीला एमआयडीसीतल्या कारखान्यात नोकरी लागली. नेमणूकपत्र हातात आलं. त्यावर लिहिलेलं, वार्षिक पॅकेज २ लाख ४० हजार रुपये. घरात सगळ्यांनी बारानं भागलं. महिन्याला २० हजार! गल्लीत पेढे वाटले. पहिला पगार खात्यात जमा झाला तेव्हा मात्र मोबाईलवर मेसेज आला १६,२५५ रुपयांचा.

वडील विचारतात, "बाकीचे पावणेचार हजार कुठं गेले गं?"

मुलगी म्हणते, "बाबा, मला एवढेच मिळाले."

मग चुलते म्हणतात, "पोरीला शहराचं वारं लागलं." आणि आई बिचारी मधल्या मधे. लेकीवर विश्वास आहे, पण हिशोब काही जुळत नाही.

मैत्रिणींनो, या मुलीनं काहीही लपवलेलं नाही. कंपनीनंही अजून काही खाल्लेलं नाही. घोळ आहे तो 'पॅकेज' या शब्दात. पॅकेज म्हणजे हातात येणारा पगार नव्हे. एका माणसाला कामावर ठेवण्यासाठी मालकाला वर्षभरात जो जो खर्च येतो, त्या सगळ्याची ती बेरीज असते. त्या बेरजेत काही रक्कम आज मिळते, काही आपल्याच खात्यात साठते, आणि एक रक्कम अशी असते की ती पुढे कधीतरी मिळणार असते. त्या रकमेचं नाव ग्रॅच्युइटी. सरकारी मराठीत तिला 'उपदान' म्हणतात.

कागद मांडून बघू

या मुलीच्या पॅकेजची महिन्याची फोड अशी आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये. घरभाडे भत्ता ३,०००. इतर भत्ता १,८१५. कंपनीनं तिच्यासाठी भरायचा पीएफ १,५६०. आणि ग्रॅच्युइटी ६२५. करा बेरीज. बरोबर २०,००० होतात.

यातले पहिले तीन आकडे, म्हणजे १७,८१५ रुपये, हा तिचा खरा महिन्याचा पगार. त्यातून तिच्या स्वतःच्या वाट्याचा पीएफ १,५६० रुपये कापला जातो. उरले १६,२५५. आणखी एखादी कपात असेल तर पगार त्याहून कमी येईल.

आता वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर बघा. कंपनीचे १,५६० आणि तिचे १,५६० तिच्या नावावरच्या पीएफमध्ये आणि पेन्शनच्या हिश्श्यात गेले. ते तिचेच आहेत. पण ग्रॅच्युइटीचे ६२५ रुपये कुठंच गेलेले नाहीत. तिच्या नावावर तसं खातं नाही, पासबुक नाही. मालकानं फक्त मांडून ठेवलंय, की ही मुलगी टिकली तर वर्षाला साधारण इतकं देणं माझ्या डोक्यावर चढेल.

म्हणून पहिली गोष्ट पक्की करा. पीएफ दरमहा जमा होतो. ग्रॅच्युइटी दरमहा जमा होत नाही. ती नोकरी संपताना, एकरकमी, मालकानं द्यायची असते.

ग्रॅच्युइटी कधी मिळते?

आपल्या देशात ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ साली झाला. तो आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० या नव्या कायद्यात सामावला आहे, आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. मूळ नियम मात्र तोच राहिला. एकाच मालकाकडे सलग पाच वर्षं नोकरी झाली, की ग्रॅच्युइटीचा हक्क तयार होतो. मग तुम्ही निवृत्त व्हा, राजीनामा द्या, नाहीतर मालक काढून टाको.

पुष्कळ बायकांना वाटतं की आपणहून नोकरी सोडली तर ग्रॅच्युइटी बुडते. तसं नाही. पाच वर्षं झाली असतील तर राजीनामा दिला तरी ती मिळते. एखाद्या माणसाला मारामारी, दंगा किंवा कामावर केलेल्या अप्रामाणिकपणाच्या गुन्ह्यासाठी नोकरीवरून काढलं, किंवा त्यानं मालकाचं नुकसान केलं म्हणून काढलं, तरच ग्रॅच्युइटी रोखता येते. नुकसानीच्या बाबतीत तर जेवढं नुकसान तेवढीच. नुसतं "तुझं काम बरं नव्हतं" म्हणून ती अडवता येत नाही.

'सलग' या शब्दाला घाबरू नका. आजारपण, रजा, अपघात, मालकानं काम बंद ठेवलेले दिवस यांनी नोकरी तुटत नाही. बाळंतपणाची २६ आठवड्यांपर्यंतची रजाही धरली जाते. आणि काही कारणानं खंड पडलाच, तर वर्षात २४० दिवस भरले की ते वर्ष पूर्ण मानतात. जिथं आठवड्याला सहा दिवसांपेक्षा कमी काम चालतं, तिथं १९० दिवस पुरतात. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तर पाच वर्षं झाली असं मद्रास उच्च न्यायालयानं मानलं आहे. पण प्रत्येक मालक हे सहज कबूल करत नाही. म्हणून नोकरी सोडायचीच असेल आणि चार-दोन महिन्यांचाच प्रश्न असेल, तर पाच वर्षं पुरी करूनच सोडा.

पाच वर्षांच्या नियमाला दोन मोठे अपवाद आहेत. पहिला अपवाद दुःखाचा आहे. कामगाराचा मृत्यू झाला किंवा अपघातानं, आजारानं तो कायमचा कामाला निकामी झाला, तर पाच वर्षांची अट नाही. दुसरा अपवाद नव्या संहितेनं आणला. ठरावीक मुदतीच्या लेखी करारावर ज्यांना नेमलंय, त्यांना एक वर्ष काम झालं तरी जेवढी नोकरी तेवढ्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. तुमच्या मुलीच्या नेमणूकपत्रावर 'फिक्स्ड टर्म' असं लिहिलं असेल, तर हे लक्षात ठेवा.

हिशोब आपला आपण करा

याला वकील लागत नाही. पाटी-पेन्सिल पुरे. शेवटच्या महिन्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता घ्या. त्याला २६ नं भागा. आला एका दिवसाचा पगार. त्याला १५ नं गुणा. ही झाली एका वर्षाची ग्रॅच्युइटी. मग जितकी वर्षं नोकरी, तितक्यानं गुणा. शेवटच्या अपुऱ्या वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त काम झालं असेल, तर तेही पूर्ण वर्ष धरा.

आपल्या मुलीचे १३,००० भागिले २६ म्हणजे ५०० रुपये रोज. पंधरा दिवसांचे ७,५००. याच ७,५०० ला बारानं भागलं की पॅकेजमधले ६२५ येतात. कळलं ना, तो आकडा कुठून आला?

आता पुढचं नीट ऐका. मुलीनं तीन वर्षांनी नोकरी सोडली, तर कागदावर तीन वर्षांत २२,५०० रुपये ग्रॅच्युइटी दिसली असेल, पण साध्या कायम नोकरीत तिच्या हाती त्यातला एक रुपयाही येणार नाही. म्हणून दोन नोकऱ्यांची तुलना करताना पॅकेजला पॅकेज लावू नका. हातात येणारा पगार आणि पीएफ यांची तुलना करा.

आता समजा ती दहा वर्षं टिकली आणि तिचा मूळ पगार वाढत वाढत २०,८०० झाला. दिवसाचे झाले ८००. पंधरा दिवसांचे १२,०००. दहा वर्षांचे १ लाख २० हजार. पहिल्या नेमणूकपत्रातले ७,५०० दहानं गुणले तर फक्त ७५ हजार होतात. मालकानं ७५ हजार पुढं करून "पत्रात होतं तेवढं दिलं" असं म्हटलं, तर ते चालणार नाही. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजायची असते, पहिल्या पत्रावर नाही. ४५ हजारांचा फरक आहे, मैत्रिणींनो. एक म्हैस येते त्यात, नाहीतर पोराच्या कॉलेजची फी निघते.

नगावर, म्हणजे जितकं काम तितके पैसे, असं काम असेल तर शेवटच्या तीन महिन्यांच्या कमाईची सरासरी धरून रोज काढतात. त्यात ओव्हरटाइम धरत नाहीत. साखर कारखान्यासारख्या हंगामी कामात, जे फक्त हंगामापुरते कामगार असतात, त्यांना दर हंगामाला सात दिवसांचा पगार या दरानं ग्रॅच्युइटी आहे. कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटीची कमाल रक्कम २० लाख रुपये आहे. मालकानं खुशीनं जास्त दिली तर त्याला बंदी नाही. कमी मात्र देता येत नाही.

काही ठिकाणी मूळ पगार मुद्दाम कमी आणि भत्ते भरमसाट दाखवतात, म्हणजे पीएफ आणि ग्रॅच्युइटी कमी बसते. नव्या संहितेनं याला आळा घातलाय. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर वरचा भाग ग्रॅच्युइटीच्या हिशोबासाठी पगारातच धरायचा.

"तुझी ग्रॅच्युइटी पगारातच दिली"

हे वाक्य बऱ्याच बायकांच्या कानावर पडतं. त्याचे दोन प्रकार आहेत.

पहिल्या प्रकारात पगाराच्या पावतीवर कपातीच्या रकान्यात ग्रॅच्युइटी दाखवून हातात येणाऱ्या पगारातून पैसे वळते करतात. हे चुकीचं आहे. पीएफमध्ये कामगाराचा हिस्सा असतो. ग्रॅच्युइटीत कामगाराचा हिस्सा नसतोच. ती पूर्णपणे मालकानं द्यायची आहे. पॅकेजच्या बेरजेत ती मांडणं वेगळं आणि आपल्या कमावलेल्या पगारातून कापणं वेगळं. पावती हातात घ्या आणि ६२५ चा आकडा कुठल्या बाजूला आहे ते बघा.

दुसऱ्या प्रकारात नोकरी सोडताना सांगतात, "पॅकेजमध्ये ग्रॅच्युइटी धरली होती, आता वेगळी कशाला?" इथं विचारायचं, "साहेब, धरली होती हे खरं. पण दिली कधी?" नुसतं कागदावर लिहिल्यानं देणं फिटत नाही. आपण दुकानदाराच्या वहीत उधारी लिहितो, म्हणून ती फिटते का? तसंच हे. आणि ग्रॅच्युइटीवर पाणी सोडलं असं सुरुवातीलाच लिहून घेतलं असलं, तरी त्या लिहिण्यानं कायद्यातला हक्क जात नाही.

हा कायदा कुणाकुणाला लागू?

कारखाना असेल तर लागू. दुकान, पॅकहाऊस, दवाखाना, संस्था, पतपेढी अशा ठिकाणी दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर लागू. एकदा लागू झाला की पुढं माणसं कमी झाली तरी लागूच राहतो. खासगी शाळांमधल्या शिक्षिकांनाही तो लागू आहे. घरकाम करणाऱ्या आणि शेतावर रोजानं जाणाऱ्या आपल्या बहिणी मात्र सहसा यात बसत नाहीत. खोटी आशा नको, म्हणून हेही सांगितलं पाहिजे.

अंगणवाडी ताई आणि मदतनीस यांच्यासाठी एक महत्त्वाचा निकाल आहे. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं, गुजरातमधल्या अंगणवाडी सेविकांच्या खटल्यात, सेविका आणि मदतनीस यांना १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो असा निर्णय दिला. त्यांना मिळतं ते मानधन, पगार नव्हे, हा मुद्दा न्यायालयानं मानला नाही. 'मानधन' या शब्दाआड किती वर्षांचे कष्ट झाकले जातात, हे आपल्या गटातल्या अंगणवाडी ताईंना विचारा.

ठेकेदारामार्फत काम असेल तर कागदावर आपला मालक कोण आहे ते बघा. ठेकेदाराकडे दहा माणसं असतील तर देणं त्याच्यावर येतं. जिथं दर अकरा महिन्यांनी कागदावर ब्रेक दाखवतात आणि बाई मात्र रोज कामावर जाते, तिथं हजेरीचा पुरावा फार मोलाचा. हजेरी कार्ड, बँकेत पगार जमा झाल्याची नोंद, पीएफचा नंबर, ओळखपत्र, पगाराच्या पावत्या हे सगळं एका पिशवीत घालून ट्रंकेत ठेवा. फोनमध्ये फोटोही काढून ठेवा. पाच-दहा वर्षांनी तीच पिशवी तुमच्या बाजूनं बोलेल.

घरच्या माणसाचं नामनिर्देशन

आता एक नाजूक गोष्ट. आपल्यापैकी कितीजणींना माहीत आहे, की नवऱ्याच्या ग्रॅच्युइटीच्या कागदावर वारस म्हणून कुणाचं नाव आहे?

एक वर्ष नोकरी झाली की कामगारानं नामनिर्देशनाचा, म्हणजे नॉमिनेशनचा फॉर्म भरून द्यायचा असतो. पुष्कळदा तो लग्नाआधी भरलेला असतो आणि त्यावर आईचं नाव असतं. त्यात वावगं काही नाही. पण लग्न झालं, मुलं झाली, तरी कागद तोच राहतो. मग एखाद्या दिवशी घात होतो, आणि दिवसकार्य उरकायच्या आत सासू-सुनेत पैशावरून वाद उभा राहतो. दोघींचंही दुःख खरं असतं, आणि कागदानं त्यांना एकमेकींसमोर उभं केलेलं असतं.

हा फॉर्म केव्हाही बदलता येतो. त्यात एकापेक्षा जास्त नावं घालता येतात, कुणाला किती हिस्सा तेही लिहिता येतं. बायको, मुलं, अवलंबून असलेले आई-वडील यांची नावं घालता येतात. आज रात्री जेवताना विषय काढा. भांडून नको, "तुमचा तो फॉर्म बघून घ्या जरा" एवढंच म्हणा. आणि तुम्ही स्वतः नोकरी करत असाल तर तुमचाही बघा.

मृत्यूच्या वेळी पाच वर्षांची अट नसते, हे मघाशी सांगितलं. १३,००० मूळ पगाराचा माणूस दोन वर्षं आठ महिने काम करून गेला, तरी तीन वर्षं धरून त्याच्या घरच्यांचा २२,५०० रुपयांवर हक्क आहे. कारखान्याकडून कुणी सांगत आलं नाही म्हणून हे पैसे सोडून देऊ नका.

मागायची कशी?

नोकरी संपली की महिन्याभरात मालकाकडे लेखी अर्ज द्या. त्यात कामाला लागल्याची तारीख, सोडल्याची तारीख, शेवटचा पगार आणि तुमचा बँक खाते नंबर लिहा. दोन प्रती करा. एकीवर पोच घ्या, सही-शिक्क्यासकट. पोच देत नसतील तर पोस्टानं रजिस्टर करून पाठवा आणि पावती जपून ठेवा. खरं म्हणजे अर्ज केला नाही तरी हिशोब करून पैसे देण्याची जबाबदारी मालकाचीच आहे. पण अर्ज केलेला बरा, पुरावा राहतो.

पैसे ३० दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर त्यावर साधं व्याजही द्यावं लागतं. दाद लागली नाही तर जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. तुमच्या भागात ग्रॅच्युइटीचे दावे कोणते अधिकारी ऐकतात, ते तिथं कळेल. थांबू नका. तक्रारीला मुदत असते आणि उशीर झाला की त्याची कारणं सांगत बसावं लागतं.

वकिलाच्या खर्चाची भीती वाटत असेल तर हे ऐका. कायद्यानं प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला विधी सेवा प्राधिकरण असतं. १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येतं.

आता पुन्हा त्या मुलीच्या घरी जाऊ. आईनं नेमणूकपत्र आणि पगाराची पावती शेजारी शेजारी ठेवली, वडिलांना एकेक आकडा बोट ठेवून दाखवला, तर चुलत्यांनाही बोलायला जागा उरणार नाही. मुलगी मान वर करून कामाला जाईल. आणि पाच वर्षांनी आपलं काय येणं आहे हेही तिला माहीत असेल.

तर मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीला येताना पासबुकाबरोबर आणखी एक कागद आणा. तुमचा, नवऱ्याचा, मुलाचा किंवा लेकीचा, कुणाचाही पगाराचा कागद. गटात जिला वाचता येतं तिनं मोठ्यानं वाचायचं. मूळ पगार किती? कामाला लागल्याची तारीख कोणती? नॉमिनी कोण? तीनच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायची. ज्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही, ते दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन विचारायचं.

आज इथंच थांबते. नमस्कार.